वीस फूट

दुकानातल्या पोराने, छातीवर ‘डॅरेल’ अशी पट्टी,
पावतीच्या पाठीवर पेनाने लाट काढली.
"जुन्या जनरेटरची वीज अशी दातेरी.
याची बघा, गुळगुळीत. नाजूक यंत्रांना हीच लागते."
मी बघत राहिले.
शोव्हाँच्या बायूकाठी साठ वर्षं गेली,
शहाण्यासारखी वर चढून
शहाण्यासारखी खाली उतरणारी लाट
पहिल्यांदाच पाहत होते.

अकराशे एकोणचाळीस डॉलर.
कोळंबीच्या हंगामातले उरलेसुरले
आणि ओनेझिमच्या होडीची मोटर विकून आलेले.
त्याला सांगितलं नाही.
त्यानेही विचारलं नाही,
नाकातली नळी नीट केली फक्त
आणि ऑक्सिजनच्या यंत्राकडे पाठ करून झोपला.

लाल रंग, सूटकेसएवढा आकार, वर मूठ.
मूठ उचलायला बरी.
चोरालाही बरीच.

क्लोव्हिस सांगतो, मागच्या वादळात
त्याचा जुना जनरेटर बैलासारखा हंबरायचा.
चोराने शेजारी गवत कापायचं यंत्र चालू करून ठेवलं
आणि जनरेटर घेऊन गेला.
हंबरणं चालूच. क्लोव्हिस घोरतोय.
पंखा थांबला, घाम फुटला, तेव्हा कुठे उठला.

माझा तर हंबरतही नाही. पुटपुटतो.
मुकं जनावर राखायचं
तर राखणाऱ्यालाच कान व्हावं लागतं.

पुस्तिकेत लिहिलंय: घरापासून वीस फूट.
धुराला वास नसतो, तो झोपेतच माणूस नेतो.
म्हणजे लांब ठेवावा तर चोर नेणार,
जवळ ठेवावा तर तोच आपल्याला नेणार.
घराच्या खांबांना बांधता येईना,
घर खांबांवर, आम्ही धुराच्या बरोबर वर.
दोरी घेऊन खिडकीपासून मोजत गेले,
एकोणीस, वीस,
आणि कपाळ मेरीच्या पायाला लागता लागता राहिलं.

अंगणातली मेरी, सिमेंटच्या चौथऱ्यावरची.
चौथऱ्यात कडी ठोकली,
नांगराची साखळी ओवली, कुलूप घातलं.
पाप लागतं का, विचारायला फादर नव्हते,
ते आदल्याच दिवशी लाफायेतला निघून गेलेले.
खेकड्यांचे दोन पिंजरे, वर होडीची ताडपत्री,
पाऊस लागू नये, हवा अडू नये.
मूठ ते माझं मनगट, जाळ्याचा नायलॉन.

दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास
मनगटाला हिसका बसला.
मासा असता तर ढील दिली असती.
मी कोयती घेतली, टॉर्च घेतला, चपला राहिल्याच.

मेरीच्या पायाशी क्लोव्हिसची नात, मिरेल,
कमरेवर बाळ, खांद्यावर केशरी वायरचं भेंडोळं.
"तुम्हाला उठवायचं नव्हतं," म्हणाली.
"दुसरं भोक रिकामं दिसलं. बाळाचं वाफेचं यंत्र आहे."
बाळाची छाती शिट्टी वाजवत होती.
कोयती मी पाठीमागे धरली. तिने ती पाहिली होती.

वायर लावली.
पुटपुटणं जरासं चढलं,
जसं कुणी झोपेत कूस बदलावी,
आणि पुन्हा खाली बसलं.
पहाटेपर्यंत आम्ही दोघी चौथऱ्यावर.
तिने एकदा विचारलं, "साखळी मेरीला का?"
म्हटलं, "ती कुठे जात नाही."

वीज अकराव्या दिवशी आली.

आता पहिल्या रविवारी, मिस्सानंतर,
दहा मिनिटं चालवते, इंजिन गंजू नये म्हणून.
नोव्हेंबर संपताना टाकी रिकामी केली,
कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल थेंब थेंब बशीत उतरवत होते.
खिडकीतून ओनेझिम बघत होता.
बराच वेळ.

"मोटरचे किती आले?"
हात थांबला नाही माझा. "सातशे."
त्याने श्वास घेतला, मग दुसरा.
"फसलीस," म्हणाला. "हजाराची होती."
आणि बशी कलती होईल म्हणून
खिडकीतूनच बोट दाखवलं.